राजानं शब्द दिला, तो पाळायला लावायचा कुणी?



आजचा विषय ऐकायला लांबचा वाटेल. देश युरोपातले आहेत आणि काळ तीनशे ते पाचशे वर्षांपूर्वीचा आहे. प्रश्न मात्र आपल्या ओळखीचा आहे. ज्याच्या हातात सत्ता आहे त्यानं शब्द दिला, तर तो त्याला पाळावाच लागतो का? आणि नाही पाळला, तर त्याला विचारायचं कुणी?

आम्ही समन्वयक गावोगावच्या गटांच्या बैठकांना बसतो. रस्त्याचा, पाण्याचा, रेशनचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘ते काय बाई, बोलतात आणि जातात.’ तिथंच तो विषय संपतो. आज आपण तो संपू द्यायचा नाही. चार माणसांना बोलावून आपण त्यांना हाच प्रश्न विचारणार आहोत. चौघांनीही राजकारण जवळून पाहिलं होतं. चौघांपैकी एकाला तुरुंगात हाल सोसावे लागले आणि दोघांना जिवाच्या भीतीनं देश सोडावा लागला. बी.ए.च्या पुस्तकात ही नावं दहा मार्कांच्या उत्तरासाठी असतात. पण या माणसांनी जे लिहिलं ते मार्कांसाठी लिहिलेलं नव्हतं.

प्रत्येकाला आपण तीनच गोष्टी विचारू. राजाला सत्ता कशासाठी? त्याचा शब्द त्याला बांधतो का? आणि त्यानं शब्द मोडला तर पुढे काय?

पहिला माणूस इटलीतला. नाव निकोलो मॅकियाव्हेली. त्या वेळी आजच्यासारखा एकसंध इटली देश नव्हता. लहान लहान राज्यं होती आणि ती एकमेकांशी सतत लढत असत. मॅकियाव्हेली फ्लॉरेन्स शहराच्या सरकारात 1498 पासून 1512 पर्यंत मोठ्या हुद्द्यावर होता. सरकारचा दूत म्हणून तो राजेरजवाड्यांकडे जायचा. 1502 साली तो सेझारे बोर्जा नावाच्या सरदाराच्या छावणीत होता. बोर्जाच्या काही सेनापतींनी त्याच्याविरुद्ध कट केला होता. बोर्जानं त्यांच्याशी गोड बोलून समेट केला, करार केला आणि त्यांना भेटीला बोलावलं. 31 डिसेंबरला सेनिगालिया गावात त्यांची हसतमुखानं भेट घेतली आणि तिथंच त्यांना पकडलं. त्यातल्या दोघांचा त्याच रात्री गळा आवळून जीव घेतला. शब्दावर विश्वास ठेवून आलेल्या माणसांचं काय होतं, हे मॅकियाव्हेलीनं असं जवळून पाहिलं.

पुढे फ्लॉरेन्समध्ये सत्ता बदलली. 1513 साली मॅकियाव्हेलीवर कटाचा संशय आला. त्याला तुरुंगात टाकलं आणि हात पाठीमागे बांधून दोरानं वर ओढून लटकवलं. सुटल्यावर तो आपल्या शेतावर जाऊन राहिला, आणि तिथं त्यानं ‘द प्रिन्स’ म्हणजे ‘राजा’ हे छोटं पुस्तक लिहिलं. ते छापलं गेलं 1532 साली, त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. राजानं शब्दाला जागावं हे चांगलंच. पण शब्द पाळून राजाचं नुकसान होत असेल आणि ज्या कारणासाठी शब्द दिला ते कारणच उरलं नसेल, तर शहाण्या राजानं तो पाळू नये. सगळी माणसं चांगली असती तर ही शिकवण वाईट ठरली असती, पण माणसं तुमच्याशी शब्द पाळत नाहीत. म्हणून राजाला सिंहही होता आलं पाहिजे आणि कोल्हाही. लांडग्यांना घाबरवायला सिंह लागतो आणि सापळा ओळखायला कोल्हा लागतो. आणि कोल्हेपणा करताना चेहरा मात्र सज्जनाचा ठेवावा, कारण लोक दिसतं त्याच्यावर जातात.

ऐकून राग येतो ना? पण दोन गोष्टी लक्षात घेऊ. पहिली ही, की मॅकियाव्हेलीनंही राजाला एक लगाम घातला आहे. लोकांचा तिटकारा ओढवून घेऊ नकोस, त्यांच्या मालमत्तेला आणि त्यांच्या बायकांना हात लावू नकोस, असं तो बजावतो. हा लगाम नीतीचा नाही, भीतीचा आहे. लोक उठले तर गढी वाचवणार नाही, एवढंच त्यात आहे. दुसरी गोष्ट अशी, की दुसऱ्या एका मोठ्या ग्रंथात तोच मॅकियाव्हेली म्हणतो, की एकट्या राजापेक्षा लोकांच्या राज्यानं दिलेला शब्द जास्त भरवशाचा असतो. कारण तिथं निर्णय फिरवायचा तर अनेकांना पटवावं लागतं. एक माणूस रातोरात बदलतो, सभा तेवढ्या लवकर बदलत नाही.

दुसरा माणूस फ्रान्सचा. नाव झाँ बोदाँ. तो वकील होता. त्याच्या काळात फ्रान्समध्ये एकाच ख्रिस्ती धर्माचे दोन पंथ एकमेकांच्या जिवावर उठले होते. 24 ऑगस्ट 1572 ला पॅरिसमध्ये कत्तल सुरू झाली, आणि ती पुढे इतर शहरांतही पसरली. राज्यच उरतं की नाही अशी वेळ आली होती. 1576 साली बोदाँनं राज्यावर सहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं ‘सार्वभौम’ ही कल्पना नीट मांडली. सार्वभौम म्हणजे ज्याच्यावर आणखी कुणी साहेब नाही असा. राज्यात असा एक अधिकार हवाच, नाहीतर भांडणं मिटणार नाहीत, असं त्याचं मत.

मग असा राजा शब्दाला बांधलेला असतो का? इथं बोदाँ एक फरक सांगतो. तो आपण नीट समजून घेऊ, कारण तो आजही कामाचा आहे. कायदा वेगळा आणि करार वेगळा, असं तो म्हणतो. कायदा वरून खाली येतो. राजा तो करतो, प्रजा तो पाळते, आणि राजाला वाटलं तर तो बदलतो. स्वतःच्या हुकमानं स्वतःलाच कायमचं बांधता येत नाही. करार मात्र दोन बाजूंचा असतो. राजानं प्रजेशी करार केला, तर तो दोघांनाही बांधतो. एका बाजूला तो एकट्यानं मोडता येत नाही. शिवाय राजा देवाच्या आणि निसर्गाच्या नियमांखाली आहेच. म्हणून दुसऱ्याची मालमत्ता उगाच घ्यायची नाही आणि तातडीचं संकट नसेल तर प्रजेच्या संमतीशिवाय नवा कर बसवायचा नाही.

बोदाँनं हे नुसतं लिहिलं नाही. त्याच साली राजा तिसरा हेन्री यानं ब्ल्वा गावी देशातल्या प्रतिनिधींची सभा बोलावली. राजाला लढाईसाठी पैसा हवा होता आणि त्यासाठी राजघराण्याकडच्या जमिनी विकायच्या होत्या. बोदाँ त्या सभेत प्रतिनिधी होता. त्यानं विरोध केला. या जमिनी राजाच्या खाजगी नाहीत, त्या राज्याच्या आहेत, राजा फक्त त्यांचा वापर करतो, असं त्याचं म्हणणं. ज्यानं राजाला एवढा मोठा अधिकार दिला, त्यानंच राजाला अडवलं, आणि राजाची मर्जी गमावली.

पण तिसऱ्या प्रश्नावर बोदाँ अडतो. राजानं करार मोडला तर? प्रजेनं आपल्या कायदेशीर राजाविरुद्ध हत्यार उचलायचं नाही, मग तो कितीही जुलमी असो. त्याचा न्याय देव करील. म्हणजे करार आहे, पण तो पाळायला लावणारं पृथ्वीवर कुणी नाही.

ही अडचण पुढे इंग्लंडमध्ये रक्त सांडेपर्यंत गेली. 1625 साली तिथं पहिला चार्ल्स गादीवर आला. लढायांसाठी त्याला पैसे लागत होते. त्यानं लोकांकडून सक्तीनं कर्ज घ्यायला सुरुवात केली आणि देणार नाही म्हणणाऱ्यांना कारण न सांगता तुरुंगात टाकलं. 1628 साली तिथल्या संसदेनं त्याच्यासमोर एक अर्ज ठेवला. संसदेच्या संमतीशिवाय कर किंवा सक्तीचं कर्ज नको, कारण दाखवल्याशिवाय अटक नको, लोकांच्या घरात सैनिक उतरवू नका, शांततेच्या काळात लष्करी कायदा नको. अशा चार मागण्या होत्या. राजाला पैशाची गरज होती, त्यानं अर्ज मान्य केला. लोकांनी आनंद केला.

पुढच्याच वर्षी, 1629 साली, राजानं संसद बरखास्त केली आणि 11 वर्षं पुन्हा बोलावलीच नाही. पैशासाठी एक जुना कर शोधून काढला. संकटाच्या वेळी किनाऱ्यावरच्या गावांनी राजाला जहाजं द्यायची, नाहीतर त्याबदली पैसे द्यायचे, असा तो कर. चार्ल्सनं तो 1635 पासून समुद्रापासून लांब असलेल्या भागांवरही लावला. जॉन हॅम्पडन नावाच्या जमीनदारानं भरायला नकार दिला. रक्कम होती 20 शिलिंग, म्हणजे एक पौंड. हॅम्पडन श्रीमंत होता, त्याला एक पौंड जड नव्हता. पण आज हा भरला तर राजा उद्या काहीही मागेल, हा मुद्दा होता. 12 न्यायाधीशांसमोर खटला चालला. सात जण राजाच्या बाजूनं आणि पाच जण हॅम्पडनच्या बाजूनं. हॅम्पडन हरला. पण बारापैकी पाच न्यायाधीश राजाच्या विरुद्ध जातात, हे सगळ्या देशानं पाहिलं. 1642 साली राजा आणि संसद यांच्यात युद्ध सुरू झालं. 30 जानेवारी 1649 ला राजाचं डोकं उडवलं गेलं.

आपला तिसरा माणूस या धुमाळीतून आला. थॉमस हॉब्ज. युद्ध पेटणार असं दिसताच 1640 साली तो पॅरिसला पळून गेला आणि 11 वर्षं तिकडं राहिला. 1651 साली त्याचं ‘लेव्हायथन’ हे पुस्तक आलं. त्याच्या पहिल्या पानावर एक चित्र आहे. डोंगरामागून एक अजस्र राजा वर आलेला दिसतो. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात धर्मगुरूंची काठी. जवळून पाहिलं तर त्या राजाचं अंग शेकडो बारक्या माणसांचं बनलेलं आहे. सगळी माणसं त्याच्याकडं तोंड करून उभी आहेत. हॉब्जचं सगळं म्हणणं त्या चित्रात आहे.

तो म्हणतो, राज्यच नसतं तर काय झालं असतं? बळी तो कान पिळी. कुणी शेत पेरलं नसतं, कारण पीक कोण नेईल याचा भरवसा नाही. म्हणून माणसं एकमेकांशी करार करतात. मी माझं हत्यार खाली ठेवते, तू तुझं ठेव, आणि आपल्या सगळ्यांच्या वतीनं हा एक माणूस किंवा ही एक सभा ठरवील. आता नीट ऐका. हा करार कुणाकुणात झाला? तुमच्या-माझ्यात. राजा त्या करारात सहभागीच नाही. त्यानं कुणाला शब्दच दिला नाही, तर तो मोडणार कसा? त्यामुळे राजानं करार मोडला, अशी तक्रार प्रजेला करताच येत नाही, असा हॉब्जचा हिशेब.

हॉब्ज राजाचा हुजऱ्या होता, असं म्हणून त्याला सोडून देता येणार नाही. त्यानं घरातल्या घरात, भावाभावांत युद्ध झालेलं पाहिलं होतं. पाठीमागे जबरदस्ती करणारी सत्ता नसेल तर करार म्हणजे नुसते शब्द, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. उधार देणाऱ्या प्रत्येक बाईला ते ठाऊक आहे. आणि त्यानंही एक हक्क माणसाकडं ठेवला, आपला जीव वाचवण्याचा. राजा मारायला आला तर माणूस प्रतिकार करू शकतो. राजाला आपलं रक्षण करता येईनासं झालं, की आज्ञा पाळण्याचं बंधनही संपतं. पण एवढंच. मारझोड नाही, नुसती लूट आहे, अन्याय आहे, तर विचारायचं कुणी? कुणीच नाही.

चौथा माणूस जॉन लॉक. तोही इंग्लंडचाच. हॉब्जपेक्षा 44 वर्षांनी लहान. त्याचे वडील युद्धात संसदेच्या बाजूनं लढले होते. लॉकच्या मोठेपणी तीच कहाणी पुन्हा सुरू झाली. 1685 साली दुसरा जेम्स राजा झाला. राज्याची आणि चर्चची कायद्यानं घालून दिलेली घडी मोडणार नाही, असं त्यानं गादीवर येताच सांगितलं. आणि मग संसदेनं केलेले कायदे तो आपल्या हुकमानं बाजूला ठेवू लागला. सात बिशपांनी लेखी विनंती केली, तर त्यांच्यावरच खटला भरला. 1688 च्या अखेरीस त्याला पळून जावं लागलं. त्याची मुलगी मेरी आणि जावई विल्यम गादीवर आले. या वेळी मात्र लोकांनी आधी हक्कांची यादी वाचून दाखवली आणि मग मुकुट दिला. राजाला आपल्या हुकमानं कायदा थांबवता येणार नाही, संसदेच्या संमतीशिवाय कर लावता येणार नाही, हे 1689 साली कायद्यात आलं. राज्याभिषेकाची शपथही बदलली. संसदेत संमत झालेल्या कायद्यांप्रमाणे राज्य करीन, असा शब्द आता राजाला द्यावा लागला.

लॉक 1683 पासून हॉलंडमध्ये लपून राहत होता. तो 1689 च्या फेब्रुवारीत परतला, आणि त्याच वर्षी त्याचं राज्यव्यवस्थेवरचं पुस्तक निघालं. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. ते आपलं आहे हे त्यानं मृत्युपत्रात कबूल केलं, एवढी त्या काळी भीती.

लॉकचं म्हणणं आपल्या गटाच्या भाषेत सांगता येतं. गटाच्या खात्यावर अध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्या चालतात. म्हणून खात्यातले पैसे त्यांचे होतात का? नाही. सही करण्याचा अधिकार गटानं ठराव करून दिलेला असतो, ठरलेल्या कामासाठी दिलेला असतो, आणि सह्या बदलण्याचा ठराव गटच करू शकतो. लॉक म्हणतो, राजाची आणि संसदेची सत्ता अशीच आहे. ती विश्वासानं सोपवलेली आहे. लोकांचा जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता राखायला दिलेली आहे. त्या कामाविरुद्ध वापरली, तर ती मूळ मालकाकडं, म्हणजे लोकांकडं परत येते. हॉब्जला उद्देशून असावा असा एक टोलाही तो मारतो. रानमांजर आणि कोल्ह्यांपासून वाचायला माणसं सिंहाच्या जबड्यात जाऊन बसतील, इतकी ती मूर्ख आहेत का?

मग लोक रोज उठून बंड करतील, अशी भीती काहींनी दाखवली. लॉक म्हणतो, तसं होत नाही. लोक फार सोसतात. लहानसहान चुका पोटात घालतात. एकामागून एक तशीच कृत्यं होत राहिली आणि त्यांचा रोख एकच आहे हे दिसलं, की मगच लोक उठतात. आणि विश्वास मोडला की नाही हे ठरवणार कोण? ज्यांनी विश्वास ठेवला तेच. लोक.

आता चौघांना एका ओळीत बसवू आणि एकच प्रकरण पुढे ठेवू. राजानं कबूल केलं, विचारल्याशिवाय कर लावणार नाही. वर्षा-दोन वर्षांत लावला. मॅकियाव्हेली विचारील, पचेल का? लोक चिडणार नसतील तर लाव, चिडणार असतील तर थांब. बोदाँ म्हणेल, तू करार केला होतास, मोठं संकट नसताना तो मोडणं अन्याय आहे, पण प्रजेनं तुझ्यावर हात उचलायचा नाही. हॉब्ज म्हणेल, असा शब्द राजानं द्यायलाच नको होता, पैशाशिवाय तो रक्षण कसं करणार? आणि लॉक म्हणेल, हा पैसा तुझा नव्हताच. ज्यांचा आहे त्यांना विचार, नाहीतर जागा सोड.

चौघांकडून एकेक गोष्ट घेता येते. सत्ताधारी शब्द का मोडतो, ते मॅकियाव्हेली सांगतो. घोषणा वेगळी आणि करार वेगळा, हे बोदाँ सांगतो. पाळायला लावणारं कुणी नसेल तर करार हवेत जातो, हे हॉब्ज सांगतो. आणि पाळायला लावणारे आपणच असू शकतो, हे लॉक सांगतो.

पण मैत्रिणींनो, या ‘लोक’मध्ये बाया होत्या का? हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

बोदाँनं बायकांनी राज्य करण्याला साफ विरोध केला. 1580 साली त्यानं चेटकिणींवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यांना कडक शिक्षा द्या म्हणून सांगितलं. राजाच्या मनमानीला हद्द घालणाऱ्या या वकिलाला, चेटकीण ठरवलेल्या गरीब बाईच्या बाबतीत मात्र पुराव्याचे नेहमीचे नियमही नकोसे झाले. आपल्या राज्यातही बायांना चेटकीण ठरवून छळलं गेलं आहे. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि आता तो गुन्हा आहे.

हॉब्जनं एक वेगळी गोष्ट लिहिली. राज्य नसलेल्या स्थितीत मुलावर पहिला हक्क आईचा, कारण बाप कोण हे आईच सांगू शकते. पण राज्यं बहुतेक पुरुषांनी उभारली, म्हणून कायदे बापाच्या बाजूचे झाले, असंही तो म्हणतो. म्हणजे पुरुषाची सत्ता निसर्गानं दिलेली नाही, माणसांनी केलेली आहे.

लॉकनं लिहिलं, की धर्मग्रंथात आईबाप दोघांचाही मान राखायला सांगितलं आहे, मग सगळी सत्ता बापाची कशी? छान. पण नवरा-बायकोचं एकमत झालं नाही तर शेवटचा शब्द नवऱ्याचा, कारण तो अधिक सक्षम आणि बळकट, असं तोच लिहून गेला. गुलामांच्या व्यापारातल्या कंपनीत त्याचे पैसेही गुंतले होते. सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र म्हणणाऱ्याच्या ‘सगळी’मध्ये कोण कोण बसत नव्हतं, ते यातून दिसतं.

हे त्याच काळात एका बाईनं हेरलं. तिचं नाव मेरी ॲस्टेल. कोळशाच्या व्यापाऱ्याची मुलगी. लग्न केलं नाही, लिहून नाव मिळवलं, आणि पुढे लंडनजवळच्या चेल्सीत गरीब मुलींची शाळा चालवली. लग्नसंस्थेवरचं तिचं पुस्तक 1700 साली आलं. 1706 च्या आवृत्तीला तिनं मोठी प्रस्तावना लिहिली, आणि तिचा प्रश्न असा होता, की राजाची मनमानी सत्ता जर राज्यात वाईट, तर नवऱ्याची मनमानी सत्ता घरात चांगली कशी? ती स्वतः राजाच्या बाजूची होती, बंडाच्या विरोधात होती. पण स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्या पुरुषांना तिनं त्यांच्याच मापानं मोजलं. राज्यात करार आणि घरात हुकूम, हे जमत नाही.

आता आपल्याकडं येऊ. हा सगळा वाद आपल्या संविधानातही पोचला आहे. अनुच्छेद 265 म्हणतो, कायद्याचा आधार असल्याशिवाय कुठलाही कर लावता येत नाही किंवा वसूल करता येत नाही. अनुच्छेद 13 म्हणतो, मूलभूत हक्क हिरावून घेणारा कायदा राज्याला करता येत नाही. म्हणजे बोदाँला जे जमलं नाही ते इथं केलं आहे. सर्वांत मोठ्या अधिकारालाही शब्दानं बांधलं आहे आणि तो शब्द मोडला तर विचारायला न्यायालय ठेवलं आहे. चार्ल्सच्या न्यायाधीशांना राजा काढू शकत होता. आपल्याकडं सरकार न्यायाधीशाला असं सहज काढू शकत नाही.

पण प्रत्येक शब्द सारखा पक्का नसतो, आणि गावात काम करताना हे ओळखावं लागतं. भाषणात दिलेलं आश्वासन सगळ्यांत कच्चं, कारण ते हवेत असतं. ग्रामसभेचा ठराव त्याहून पक्का, कारण तो इतिवृत्ताच्या वहीत असतो, त्यावर तारीख आणि सह्या असतात. शासन निर्णय आणखी पक्का, पण सरकार तो बदलू शकतं. कायदा त्याहून पक्का, कारण तो बदलायला विधानसभेत जावं लागतं. संविधानातला हक्क सगळ्यांत पक्का. कुणी शब्द दिला की आपण पहिल्यांदा हे पाहायचं, की हा कुठल्या पायरीवरचा शब्द आहे, आणि तो एक पायरी वर चढवता येईल का?

आमचा आग्रह त्या पहिल्या पायरीचा आहे. भाषणातला शब्द वहीत आणायचा. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते, सह्यांची वही घरोघरी फिरते. सही करण्याआधी विचारा, सभा कधी झाली, काय ठरलं? आपल्या सहीनं न झालेली सभा झाल्याचं दाखवलं, तर त्या विश्वासाचा हिशेब मागायची जागा आपणच घालवली. महिला सभेत विषय मांडा, ठराव लिहून घ्या, तो ग्रामसभेपुढे ठेवा. ठराव होऊनही काम झालं नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. राज्यात त्याची फी 10 रुपये आहे आणि साधारण 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हॅम्पडननं एका पौंडासाठी खटला चालवला. आपल्याला 10 रुपयांत विचारता येतं.

आणि हे माप स्वतःलाही लावू. गटाची अध्यक्ष, सचिव, ग्रामसंघाच्या पदाधिकारी, आणि आम्ही समन्वयकसुद्धा, आमच्याही हातात थोडी सत्ता असते. कर्ज आधी कुणाला, प्रशिक्षणाला कोण, हे ठरवताना हुकूम करायचा की ठराव, हे रोज ठरवावं लागतं. कुंपणानंच शेत खाऊ नये, असं दुसऱ्याला सांगायचं तर आपलं कुंपणही तपासलं पाहिजे. जमाखर्चाची वही प्रत्येक बैठकीत वाचून दाखवायची ती यासाठी.

पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा आणि तीन प्रश्नांवर बोला. गेल्या दोन वर्षांत आपल्या गावाला कुणी कुणी काय शब्द दिले? त्यातला एक तरी कुठल्या वहीत लिहिलेला आहे का? आणि आपल्या गटात शेवटचा निर्णय एकीचा असतो की सगळ्यांचा? जे ठरेल ते आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात त्यावर बोलू.